भैरीकृपा, एकास दहा

निवृत्तीनंतर माणसाने काय करावं, हे अजून नोकरीत असलेल्यांना फार चांगलं ठाऊक असतं. मला योगासनं सुचवली गेली, पेटी सुचवली गेली, आणि तिसऱ्या मजल्यावर राहत असूनही परसात अळू लावण्याचा सल्ला मिळाला. मी लाकडाची बोट करायला घेतली. माणसं बसून जातात ती बोट नव्हे, तर तिची हुबेहूब लहान प्रतिकृती. तीही सुटे भाग विकत आणून चिकटवायची नाही. लाकडाच्या तुकड्यापासून नांगराच्या दोरापर्यंत सगळं आपल्या हातानं घडवायचं. भूमी अभिलेख खात्यात मी जन्मभर नकाशे काढले. या जिल्ह्यातले डोंगर, आंब्याच्या बागा, वहाळ आणि बांधावरून भांडणारे सख्खे भाऊ, सगळं मी ठरलेल्या प्रमाणात लहान करून कागदावर बसवलेलं आहे. एक मच्छीमार बोट लहान करणं मला जड जाणार नाही, अशी माझी समजूत होती. खात्यात समजुतीवर काम चालत असे.

लाकूड कुठलं वापरावं, यावरून इमारतीत मतभेद झाले. वरच्या मजल्यावरचे भिकाजी तोडणकर एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या कर्ण्यातून गाड्या सोडण्यात हयात गेल्यामुळे त्यांना खासगीत बोलायचा आवाज उरलेला नाही. ते जिन्यात मला "लांजेकर, सागवान घेऊ नका" म्हणाले आणि तळमजल्यावरच्या लोकांनीही आपापली मतं घेऊन दारं उघडली. कोणी आंबा म्हणालं, कोणी शिवण. एका गृहस्थांनी प्लायवूड सुचवलं. त्यांच्याशी मी अजूनही बेताचंच बोलतो. शेवटी फणस ठरला, कारण तोडणकरांच्या मेव्हण्याच्या आवारातला फणस पावसात पडला होता आणि तो उचलून न्यायला त्यांना माणूस हवा होता.

फणसाचं लाकूड सोनेरी पिवळं, दिसायला फार देखणं. पण बोटीच्या कुशीला वळण देण्यासाठी त्याच्या पट्ट्या वाकवाव्या लागतात, आणि त्या वाकाव्यात म्हणून वाफवाव्या लागतात. घरात वाफेची सोय असलेलं सगळ्यात मोठं भांडं म्हणजे मोदकपात्र. माणिक, म्हणजे माझी बायको, तिच्या बहिणीकडे दापोलीला गेली होती. मी पट्ट्या त्यात वाफवल्या, वाकवल्या, पात्र घासलं, पुसलं आणि जागच्या जागी ठेवलं. फणसाच्या लाकडाला पिवळा रंग सुटतो, आणि पूर्वी कपडेसुद्धा त्यात रंगवत, ही माहिती मला गणेश चतुर्थीला मिळाली. मोदक पिवळे निघाले. पाहुणे खूश झाले. दापोलीच्या मेव्हणीनं केशर कुठून आणलं म्हणून विचारलं आणि आणखी दोन मागून घेतले. माणिकनं पाहुणे जाईपर्यंत माझ्याकडे नुसतं पाहिलं. नंतर तिनं नवीन मोदकपात्र आणलं आणि ते शेजारणीकडे ठेवलं. सणाला ते तिथून येतं आणि तिथे परत जातं. आपल्याच घरात भांडं ठेवण्याइतका विश्वास उरला नाही, ही गोष्ट मनाला लागते. पण मी ती बोलून दाखवलेली नाही.

बोट कुणाची करायची, हे ठरवायला मी पट्ट्या वाफवण्याच्या आधीपासूनच मिरकरवाडा बंदरात जाऊ लागलो होतो. तिथे उभ्या असलेल्या शेकडो बोटींत मला एक आवडली. निळी, वर केशरी पट्टा, नाकाडाची, म्हणजे पुढच्या टोकाची, रेघ अशी उठलेली की कुणा चांगल्या आरेखकानं एका दमात ओढली असावी. नाव 'भैरीकृपा'. मी रोज जाऊन तिचे फोटो काढत असे आणि धक्क्यावरून नजरेनं मापं घेत असे. खलाशांना मी कुठल्यातरी कचेरीतून आलोय असं वाटलं असावं, कारण मला न मागता चहा मिळे आणि मी आलो की ते जाळी नीट गुंडाळून ठेवत. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. निवृत्त माणसाला कचेरीतला समजणारे लोक आता फारसे भेटत नाहीत.

प्रमाण ठेवलं एकास दहा. त्या हिशोबानं माझी बोट हातभर लांबीची होईल असं माणिकला वाटलं होतं. ती दिवाणाएवढी झाली, आणि दिवाणावरच राहिली. पाहुणे खाली गादीवर झोपू लागले. पुढे यायचेच बंद झाले. पण बोट अशी होत होती की मी स्वतः तिच्याकडे पाहत बसे. बोटीच्या कडेला टायर टांगलेले असतात, त्यांच्यासाठी मी जुन्या मिक्सरच्या भांड्यांची रबरं वापरली. झेंडा लावला, दिवे लावले, आणि शेवटी बारीक कुंचल्यानं नाकाडावर नाव आणि नोंदणीचा नंबर घातला. खऱ्या बोटीवर होता तोच. तोडणकरांनी विचारलं की नंबर कशाला, पण नकाशात एखादी खूण आपल्या मर्जीनं गाळायची नसते, हा माझा नोकरीतला नियम होता. पुढे जे घडलं ते सगळं या नियमामुळे घडलं. खात्यात असताना त्यामुळे काही घडलं नव्हतं.

बोट झाली म्हटल्यावर ती पाण्यात तरंगते का, हा प्रश्न उभा राहिला. तो मी नव्हे, इमारतीनं उभा केला. मांडवीला नेली असती तर निम्मी रत्नागिरी बघायला जमली असती, आणि बुडाली असती तर उरलेलीही जमली असती. तोडणकर म्हणाले, आरे-वारेला खाडीचं पाणी शांत असतं, कामाच्या दिवशी सकाळी कुणी नसतं. रिक्षात बोट मावेना. म्हणून आम्ही ती माणिकच्या जुन्या जरीच्या साडीत गुंडाळली आणि गणपतीपुळ्याच्या गाडीनं निघालो.

वाहकानं हे काय म्हणून विचारलं. मी बोट असं सांगितलं. तो म्हणाला, बोटीचं तिकीट आमच्या मशीनमध्ये नाही. यावर तोडणकरांनी त्याला सामानाचे नियम ऐकवायला सुरुवात केली. ते नियम त्यांच्या काळातले होते आणि आवाजही त्यांच्याच काळातला होता, त्यामुळे शेजारच्या फलाटावरचे दोन प्रवासी उठून भलत्याच गाडीत बसले. शेवटी गाडी सुटावी म्हणून वाहकानं नियमाचा आग्रह सोडला. बोट आम्हा दोघांच्या मांड्यांवर आडवी. वाटेत चढलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं जरीचा काठ पाहिला, पायातल्या वहाणा काढल्या, नमस्कार केला आणि कुठला देव म्हणून विचारलं. भैरी, असं मी म्हणालो. ते पूर्ण खोटं नव्हतं. तिनं केसातली अबोली काढून साडीवर ठेवली आणि आम्हाला खिडकीची जागा मिळवून दिली.

खाडीवर खरंच कुणी नव्हतं. तोडणकरांनी खडकावर नारळ वाढवला. मी बोटीला सुतळी बांधून ती पाण्यात ठेवली. ती तरंगली. एका बाजूला कलली नाही, पाणी आत घेतलं नाही. पाण्यावर अशी बसली की जणू तिला तिथलीच सवय आहे. आम्ही नारळाचं खोबरं वाटून खाल्लं. मग मी फोटो काढायला घेतला, आणि फोटोत सुतळी दिसू लागली. सुतळीमुळे ती खेळणं दिसत होती. मी सुतळी सोडली.

ओहोटी लागली होती. हे रत्नागिरीत जन्मलेल्या दोन माणसांच्या लक्षात यायला हवं होतं, पण एक जन्मभर डोंगर मोजत होता आणि दुसरा गाड्या. बोट आधी सावकाश निघाली, म्हणून आम्हीही सावकाश निघालो. मग ती घाईला आली. पोहता दोघांनाही येत नाही. आम्ही काठाकाठानं गेलो, पुलाखाली वाकून पाहिलं, खाडीच्या तोंडापर्यंत पोचलो, तेव्हा ती फुटणाऱ्या लाटेवर नाक उचलून पलीकडे उतरत होती. फार सुरेख चालली होती. माझी पॅंट गुडघ्यापर्यंत भिजली होती आणि हातात सुतळी होती.

"गाडी सुटली," तोडणकर म्हणाले. त्यांना ते एवढ्या हळू बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

घरी मी माणिकला सांगितलं की बोट समुद्राला अर्पण केली. तिनं दिवाणावर नवी चादर घातली आणि त्यावर स्वतः आडवी होऊन पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोडणकर हातात मोबाईल घेऊन आमच्या दारात उभे राहिले. वारे गावच्या किनाऱ्यावर फिरायला आलेल्या कुणी केतन नावाच्या मुंबईकरानं फोटो काढून टाकला होता. त्यानं तो वाळूवर पालथं पडून काढला असावा. मागे लाट, पुढे ओली वाळू, मधे अर्धी कलंडलेली निळी बोट, नाकाड फुटलेलं, झेंडा वाळूत. आसपास माणूस नाही, कुत्रं नाही, चप्पल नाही. खाली लिहिलं होतं की आरे-वारेला बोट उलटली, खलाशांचा पत्ता नाही, प्रार्थना करा आणि पुढे पाठवा. लोकांनी प्रार्थना केली की नाही ठाऊक नाही, पण पुढे पाठवलं होतं. इमारतीच्या गटावर तो फोटो तिघांकडून आला. कुणी हे वादळाचं काम म्हणत होतं, कुणी मोठ्या जहाजानं धडक दिली म्हणत होतं. एका माणसानं लाकूड कुठल्या बाजूनं फाटलंय त्यावरून खलाशी दारू प्यायले होते असं सिद्ध केलं होतं.

मला प्रथम काय वाटलं ते सांगायला हवं. मला आनंद झाला. एकाही माणसाला ती लहान आहे असं वाटलं नव्हतं. जन्मभर मी काढलेल्या नकाशांवर लोकांनी अपिलं केली. इतकी निखळ मान्यता मला कधी मिळाली नव्हती. मी फोटो मोठा करून पाहत होतो, तेवढ्यात माणिक मागे येऊन उभी राहिली.

"हे माझ्या मिक्सरचं रबर आहे," ती टायरवर बोट ठेवून म्हणाली. मग तिनं वर नाव वाचलं, नंबर वाचला आणि माझ्याकडे वळली. "ही खरी बोट आता कुठे आहे?"

मी म्हणालो, समुद्रात असेल.

"आणि त्यातल्या माणसांच्या घरी हा फोटो गेला असेल," ती म्हणाली, आणि चपला घालायला गेली.

यानंतर मला आनंद वाटल्याचं आठवत नाही.

मिरकरवाड्यात घर शोधावं लागलं नाही. गर्दी जिकडे होती तिकडे आम्ही तिघं गेलो. 'भैरीकृपा' डोर्लेकरांची. मुलगा रूपेश तांडेल, म्हणजे बोट चालवणारा तोच. बोट खोल पाण्यात गेलेली, मोबाईल लागत नव्हता आणि वायरलेसवरही उत्तर येत नव्हतं. उंबऱ्यावर त्याची आई सत्यवतीबाई बसली होती. रडत नव्हती. आजूबाजूच्या बाया तिला धीर देत होत्या आणि ती त्यांच्याकडे, त्या कुठल्यातरी दुसऱ्याच घराविषयी बोलत असल्यासारखी पाहत होती. तिचा दीर असाच गेला होता आणि तेव्हाही लोकांनी असाच धीर दिला होता, हे आम्हाला मागून कळलं.

मी घसा साफ केला आणि प्रमाणापासून सुरुवात केली. म्हणजे कुठलीही वस्तू एकास दहा केली की तिची लांबी, रुंदी आणि उंची सारख्याच पटीत कमी होते, आणि छायाचित्रात शेजारी मोजमापाला दुसरी वस्तू नसेल तर पाहणाऱ्याचा समज चुकू शकतो, असं मी सांगत होतो. लोक ऐकत होते. त्यांना मी सरकारकडून आलोय असं वाटलं, आणि सरकारचा माणूस मोजमापाचं बोलू लागला की बातमी वाईट असते, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. मागच्या एका बाईनं हुंदका दिला.

माणिकनं माझा दंड धरून मला बाजूला केलं आणि सत्यवतीबाईच्या समोर खाली बसली. "बाई, त्या फोटोतली बोट खेळण्यातली आहे. ह्यांनी घरी बसून केली. तुमची बोट पाहून केली, म्हणून नाव तेच आहे. काल ती ह्यांच्या हातून सुटली. तुमच्या मुलाच्या बोटीला काही झालेलं नाही."

खेळण्यातली हा शब्द मी त्या क्षणी सोडून दिला. पण तो माझ्या लक्षात आहे.

सत्यवतीबाईनं माणिककडे पाहिलं, मग माझ्याकडे. एवढा मोठा माणूस घरी बसून खेळण्यातली बोट करेल, यावर विश्वास ठेवणं कठीण होतं. बोट बुडाली यावर ठेवणं त्यापेक्षा सोपं होतं.

"दाखवा," ती म्हणाली.

बोट एव्हाना पोलिसांनी नेली होती. आम्ही रिक्षांतून, स्कूटरवरून आणि काही जण नुसतेच मागून धावत चौकीवर पोचलो. हवालदार निलेश हा तरुण माणूस तेव्हा कपाळाला हात लावून बसला होता. पहाटे फोन आल्यावर त्यानं जाड दोर, रुग्णवाहिका, पोहणारी माणसं आणि बोट ओढायला जेसीबी एवढं सगळं वारे गावच्या किनाऱ्यावर नेलं होतं. तिथून बोट जीपच्या मागच्या सीटवर बसून आली. जेसीबीवाल्याला तो काय सांगणार होता, ते त्याला अजून सुचलं नव्हतं.

बोट टेबलावर होती. नाकाड फुटलेलं, केबिन एका बाजूनं खचलेली, आत वाळू. सत्यवतीबाई टेबलाभोवती फिरली. तिनं नाव वाचलं. मग हात पसरून फळ्यांवर ठेवला, आणि तिच्या एका पंजाखाली चार माणसं उभी राहतील एवढा डेक झाकला गेला. मग पदर तोंडाला लावून ती हवालदाराच्या खुर्चीत बसली आणि तिथे, तेव्हा, पहिल्यांदा रडली. निलेश उभा राहिला आणि संपूर्ण वेळ उभाच राहिला. मी खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं.

दुपारी दुसऱ्या एका बोटीमार्फत निरोप आला की 'भैरीकृपा' ठीक आहे, वायरलेस बिघडलाय, परत निघालीय. इथे गोष्ट संपायला हवी होती. पण सकाळी चौकीत 'भैरीकृपा' दुर्घटनाग्रस्त झाल्याची नोंद झाली होती, आणि संध्याकाळी जी बोट धक्क्याला लागली तिचा नंबर तोच होता. नोंदीप्रमाणे ती फुटलेली होती, त्यामुळे मासळी उतरवायची परवानगी तिला देता येईना. बर्फ वितळू लागला. रूपेश हा दांडगा, हसतमुख तरुण. त्याला काय झालंय हे समजावून सांगायला तिघं लागले, आणि समजल्यावर त्याचा हसतमुखपणा गेला. आपण बुडालेलो नाही असं त्यानं स्वतःच्या सहीनं लिहून दिलं. खलाशांनीही प्रत्येकी लिहून दिलं. एकाला लिहिता येत नव्हतं, त्यानं न बुडाल्याबद्दल अंगठा उठवला.

मग माझी पाळी आली. ही दुसरी बोट कुणाची, असं विचारल्यावर मी माझी म्हणालो. नोंदणी आहे का, विचारलं. नाही म्हणालो. नोंदणी नसलेली बोट समुद्रात सोडणं हा गुन्हा, असं निलेशनं पुस्तकात पाहून सांगितलं. मी म्हणालो, पण नंबर आहे ना. तो म्हणाला, एका नंबरावर दोन बोटी चालवणं हा त्याहून मोठा गुन्हा. मी म्हणालो, ती बोट नव्हे, प्रतिकृती आहे. त्यानं पुस्तक उलटसुलट चाळलं. प्रतिकृती हा शब्द त्यात नव्हता. तोडणकरांनी मधे पडून ती बसमधून सामान म्हणून आणल्याचं जाहीर केलं, त्यानं फायदा झाला नाही; बाहेरच्या गर्दीला मात्र सगळी हकीकत स्पष्ट ऐकू गेली.

निलेश वाईट माणूस नव्हता. त्याला प्रकरण मिटवायचं होतं, आणि त्यानं ते कायद्यात बसवून मिटवलं. सापडलेली बोट ज्याच्या नावावर नंबर असेल त्याच्या ताब्यात द्यायची, असा नियम होता. नंबर रूपेश डोर्लेकर यांच्या नावावर होता. त्यानं बोट मिळाल्याची सही केली, बगलेत मारली आणि घरी नेली. जाताना मला म्हणाला, "काका, काम मात्र भारी केलंत हां." माझं वर्षभराचं काम बगलेतून चाललं होतं आणि ते कायदेशीर होतं. नकाशे काढताना मी कित्येकांची जमीन अशीच शेजाऱ्याच्या हद्दीत जाताना पाहिली होती. तेव्हा मी त्यांना अपील करा म्हणत असे.

मी अपील केलं नाही. आठवडाभर मी घरातच राहिलो, कारण बाजारात लोक मला बोट कशी आहे म्हणून विचारत. मग माणिकच म्हणाली की दिवाण रिकामा बघवत नाही, जाऊन तरी या. जाताना तिनं डब्यात मोदक दिले. पांढरे.

डोर्लेकरांनी बोट बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या वरच्या फळीवर ठेवली होती. नाकाड तसंच फुटकं, पण त्यावर हळदकुंकू. मी विचारलं, दुरुस्त करू का. सत्यवतीबाई करा म्हणाली. म्हणून मी हत्यारं घेऊन तिथे जाऊ लागलो. ती चहा करे, मासे निवडत बसे आणि मला फारसं काही विचारत नसे. मी तिची माफी मागायची असं ठरवून जात असे, आणि तिथे गेलो की लाकूड घासत बसे. एक दिवस नाकाड पूर्ण झालं. मी मागे सरून पाहिलं. जोड दिसत नव्हता. तिनंही हातातलं काम ठेवून पाहिलं.

"सगळा केलात," ती म्हणाली. "माणसा कुठं हायत?"

मला कळलं नाही. ती म्हणाली, त्या दिवशी फोटो आला तेव्हा तिनं बोट पाहिलीच नव्हती. फुटलेली लाकडं तिनं पुष्कळ पाहिली होती. तिनं माणसं शोधली होती. फोटो मोठा करून करून शोधली होती, आणि त्यात कुणी नव्हतं.

"रिकामी बोट घरात बघवत नाय ओ मना," ती म्हणाली. "माणसा बशवा त्यात."

मी त्या वेळी माफी मागितली. ती पुन्हा मासे निवडू लागली होती, ऐकलं असावं.

माणसं करणं बोटीपेक्षा फार कठीण. बोटीला नाक नसतं, असलं तरी ते कुणाच्या वडिलांसारखं असावं लागत नाही. मला नमुना समोर हवा होता. रूपेश आणि त्याचे खलाशी एक तर समुद्रात असत, नाही तर घरी येऊन झोपत. जे बसायला तयार झाले ते मोबाईल वाजला की उठून जात. स्वस्थ बसायला मोकळा असलेला माणूस माझ्या ओळखीत एकच होता. तोडणकर आमच्या दिवाणावर बसले, कधी जाळं ओढल्यासारखे, कधी दोर वळल्यासारखे, आणि मी वीतभर माणसं कोरत गेलो. माणिक भाजी निवडताना अधूनमधून मान वर करून बघे आणि पुन्हा भाजीला लागे. सगळी पुरी होऊन ओळीनं उभी केली तेव्हा दिसलं, की 'भैरीकृपा'वर सगळे तोडणकरच चढले आहेत. तेच सुटलेले गाल, तेच टक्कल, तोच नियमावर बोट ठेवणारा चेहरा. तोडणकरांनी स्वतः प्रत्येकाला हातात घेऊन पाहिलं आणि चेहरेपट्टी साधली आहे, असा अभिप्राय दिला.

पुन्हा कोरण्याचं मला धैर्य नव्हतं. मी ती माणसं खोक्यात भरली आणि मिरकरवाड्याला गेलो. रूपेश आदल्या दिवशीच पुन्हा खोल पाण्यात गेला होता. सत्यवतीबाईनं हात धुतले, पदराला पुसले आणि खोकं उघडलं. एकेक माणूस काढून बोटीत ठेवू लागली: हा जाळ्यापाशी, हा इंजिनापाशी. मी आधीच सांगून टाकलं की चेहरे जमलेले नाहीत. शेवटचा उचलून तिनं उजेडात धरला.

"ह्यो कोण?"

"हा रूपेश," मी म्हणालो. "सुकाणूवरचा."

तिनं त्याला जवळून पाहिलं. टक्कल पाहिलं, गालांच्या सुरकुत्या पाहिल्या, पाठीत आलेला बाक पाहिला.

"ह्यो तर म्हातारा झालाय," ती म्हणाली.

मी घाईघाईनं म्हणालो की चूक झाली, नमुनाच तसा मिळाला; मी हा परत नेतो आणि तरुण करून आणतो. त्यासाठी मी हातही पुढे केला.

"नको," ती म्हणाली. "म्हाताराच असू दे."

आणि तिनं त्याला सुकाणूपाशी बसवलं, आणि त्याच्या डोक्यावर राहिलेला लाकडाचा भुसा पदराच्या टोकानं पुसून काढला.